गादीचे भांडण आणि दप्तरातली मराठी

काही दिवसांपूर्वीची गोष्ट. आमच्या पेठ वडगावात आठवडे बाजाराच्या दिवशी एक वृद्ध शेतकरी माझ्या घरी आले. काखेत तांबड्या फडक्यात बांधलेले जुने दप्तर. गाठ सोडून त्यांनी एक जीर्ण कागद माझ्यापुढे ठेवला. घरातल्या जुन्या महजराची ती कोणा कारकुनाने केलेली बाळबोध नक्कल होती. म्हणाले, "सर, अक्षर लागतंय, पन अर्थ लागत न्हाई. ह्यो कागद आपल्याच भाषेतला हाय न्हवं? मग निम्मं शब्द परक्यागत का वाटत्यात?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर साधे नव्हते. ते द्यायचे म्हणजे पावणेपाचशे-पाचशे वर्षे मागे जायला हवे, आणि एका अशा सुलतानाची हकिकत सांगायला हवी की ज्याचे नाव सहसा कोणी काढीत नाही. हा सुलतान म्हणजे विजापूरचा पहिला इब्राहीम आदिलशहा. विजापूरचा इब्राहीम म्हटले की लोकांना आठवतो तो दुसरा इब्राहीम, संगीताचा शौकीन. पहिल्या इब्राहीमची आठवण ठेवावी असे गुण त्याच्यात फार नव्हते. तो संशयी होता आणि कठोर होता. पण त्याच्या एका हुकुमाचा परिणाम आपल्या घरातल्या दप्तरांपर्यंत येऊन पोचला आहे. म्हणून वाचकहो, आज त्याची कारकीर्द थोडी उलगडून पाहू.

ही कथा घडली तो मुलूख दूरचा नाही. वडगावच्या चौकात उभे राहा. पश्चिमेला पन्हाळा, तिथल्या तीन दरवाजाचे काम याच इब्राहीमच्या काळातले. पूर्वेला मिरज, तिथल्या किल्ल्यात त्याने आपला थोरला मुलगा अडकवून ठेवला होता. दक्षिणेला हुकेरी आणि बेळगाव, तिथे त्याचा दुसरा मुलगा आणि त्याचा सर्वांत बलाढ्य सरदार. आणि घाट उतरून खाली गेले की गोवा, तिथे त्याच्या गादीवर हक्क सांगणारा माणूस पोर्तुगिजांच्या आश्रयाला बसलेला. म्हणजे इब्राहीमच्या झोपेचे जे जे खोबरे झाले, ते बहुतेक आपल्याच आसपास झाले.

आधी गादीवरचा वाद म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. त्या काळच्या फार्सी वळणाच्या दरबारांत राजानंतर थोरल्यानेच बसायचे असा पक्का नियम नव्हता. राजाचा मुलगा, भाऊ, पुतण्या यांपैकी कोणीही चालत असे. ज्याच्या मागे सरदार आणि खजिना, तो राजा. जो हरला त्याचे डोळे काढीत, कारण आंधळ्याने राज्य करू नये असा संकेत होता. ही केवळ मुसलमानी दरबारांची खोड होती असे मात्र समजू नका. त्याच काळात विजयनगरच्या हिंदू दरबारातही गादीसाठी रक्त सांडत होते. आणि आपल्याकडे तरी काय झाले? ज्या वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे, त्या गावाने हे विसरू नये. धनाजी 1708 साली इथे वारले, त्याच्या आदल्याच वर्षी ताराबाई आणि शाहू यांच्यात छत्रपतींच्या गादीचा वाद पेटला होता आणि खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी शाहूंच्या बाजूला गेले होते. नियम कच्चा असला की धर्म कोणताही असो, माणसे तलवारीकडे वळतात.

विजापूरला या वादात आणखी एक विस्तव पडला होता. तो म्हणजे दक्षिणी आणि आफाकी यांचे वैर. आफाकी म्हणजे इराण, तुर्कस्तान, अरबस्तान अशा देशांतून समुद्रमार्गे आलेले परदेशी सरदार, शिपाई आणि मुनशी. दक्षिणी म्हणजे इथेच कित्येक पिढ्या राहिलेले मुसलमान. त्यांच्या बाजूला हबशीही असत. आफाकी बहुधा शिया, दक्षिणी बहुधा सुन्नी. आफाक्यांची बोली फार्सी, दक्षिण्यांची दखनी. हे भांडण बहमनी काळापासूनचे. 1453 च्या सुमारास खलफ हसन नावाचा बहमनी सरदार आपल्या विशाळगडाच्या रानात शिरला आणि शिर्क्यांनी त्याची फौज कापून काढली. त्यातून वाचलेले परदेशी चाकणला पोचले, तर तिथे त्यांच्याच बादशहाच्या दक्षिणी सरदारांनी त्यांचा निकाल लावला! पुढे 1481 मध्ये महमूद गवानासारखा कर्तबगार वजीर याच वैरापायी मारला गेला. बहमनी राज्य फुटले, त्याचे पाच तुकडे झाले, पण वैर मात्र प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला आले.

विजापूरची गादी स्थापली यूसुफ आदिलखानाने, 1490 च्या सुमारास. तो स्वतः परदेशी, शिया. पण त्याची बेगम मात्र आपल्या मातीतली. मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची ती बहीण. लग्नानंतर ती पुंजी खातून या नावाने ओळखली गेली. ही बाई मोठी धीराची. 1510 मध्ये यूसुफ वारला तेव्हा मुलगा इस्माईल लहान होता. कारभारी कमालखानाने गादी बळकावण्याचा घाट घातला, तेव्हा पुंजी खातूनने त्याचा काटा काढवला, आणि चिडलेल्या फौजेने वाड्याला वेढा दिला तेव्हा आत राहून झुंज दिली. मुलाची गादी तिने राखली. ज्या मूठभर परदेशी शिपायांनी त्या दिवशी साथ दिली, त्यांचा इस्माईलला कधी विसर पडला नाही. त्याच्या सबंध कारकीर्दीत दरबारात फार्सी आणि तुर्की बोलली जाई, आणि शिपायांच्या डोक्यावर बारा इमामांच्या नावाची बारा टोकांची तांबडी टोपी असे. दक्षिणी बाजूला पडले.

इस्माईल 1534 च्या ऑगस्टमध्ये वारला. मरताना त्याने थोरला मुलगा मल्लू याला वारस नेमले होते. पण मल्लू व्यसनी आणि बेताल निघाला. सरदारांच्या घरच्या अब्रूवर हात टाकू लागला. बेळगावचा जहागीरदार असदखान लारी हा त्याचा पालक नेमला होता, तोही कंटाळून बेळगावला निघून गेला. अखेर म्हाताऱ्या पुंजी खातूनने दुसऱ्यांदा कंबर कसली. एकदा मुलाची गादी वाचवली होती. आता नातवालाच गादीवरून उतरवायचे होते. तिच्या सांगण्यावरून सरदारांनी मल्लूला पकडले. सहा-सात महिन्यांतच त्याचे राज्य संपले आणि त्याचे डोळे काढण्यात आले. धाकट्या एका भावाचीही तीच गत झाली. मधला इब्राहीम गादीवर बसला. सन 1535.

आता इब्राहीमच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. दोन भाऊ आंधळे होऊन कैदेत. गादी आपल्याला मिळाली ती आजीच्या आणि सरदारांच्या कृपेने. ज्यांनी एकाला उतरवले, ते उद्या दुसऱ्यालाही उतरवतील. मग करायचे काय? इब्राहीमने ठरवले, की बापाच्या काळी ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांचीच मुळे उपटायची. खुतब्यातून बारा इमामांची नावे काढून सुन्नी पद्धत सुरू केली. तांबड्या टोपीला बंदी केली. परदेशी शिपायांपैकी चारेकशे ठेवून बाकीच्यांना नारळ दिला. त्यांच्या जागी दक्षिणी आणि हबशी घेतले, आणि मराठे बारगीर फौजेत वाढवले. बारगीर म्हणजे ज्याला घोडा दुसऱ्याने दिलेला असतो असा स्वार. स्वतःच्या घोड्यावर चाकरी करतो तो शिलेदार.

आणि मग तो हुकूम निघाला, ज्यासाठी आपण ही सगळी वाट चाललो. सरकारी हिशेब आजवर फार्सीत लिहिले जात. ते बंद करून 'हिंदवी'त लिहावेत, आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे द्यावे. फिरिश्ता या इतिहासकाराने ही नोंद करून ठेवली आहे. हिंदवी म्हणजे इथली देशी भाषा. मराठी मुलखात ती मराठी, कानडी मुलखात कानडी, असा तिचा अर्थ अभ्यासक लावतात.

तुम्ही म्हणाल, मराठीचे प्रेम होते म्हणून? नाही हो. प्रेमाचा इथे संबंध नाही. हिशोब ज्याच्या भाषेत, राज्य त्याच्या हातात, एवढे साधे गणित होते. कुठल्या महालातून किती वसूल आला, कुणाची किती बाकी, कुणाला किती इनाम दिले, हे सारे फार्सी मुनशांच्या वह्यांत कोंडलेले. त्या वह्यांची किल्ली आफाक्यांच्या हातात. शिपाई काढून टाकता येतो, पण ज्याच्याकडे वही आहे त्याला काढायचे तर वहीची भाषाच बदलावी लागते. इब्राहीमने तेच केले.

शिवाय हे शक्यही होते, कारण पायाची वीट आधीच मराठी होती. गावचा कुलकर्णी गावचे हिशेब पहिल्यापासून मराठीतच लिहीत असे. पाटील, देशमुख, देशपांडे यांचा व्यवहार मराठीतच होता. फार्सी होती ती वरच्या मजल्यावर. खालून आलेला मराठी कागद वर जाताना फार्सी होई. इब्राहीमच्या हुकुमाने तो जिना मधूनच तोडला आणि खालच्या मजल्यावरच्या माणसाला वर येऊ दिले. पुढे आदिलशाहीची फर्माने आणि खुर्दखते कित्येकदा दोन भाषांत निघत, एकाच कागदावर फार्सी आणि मराठी.

पण मराठी वर गेली ती एकटी परत आली नाही. कारकून मराठी, पण खात्यांची आणि पद्धतींची नावे फार्सी-अरबी. ती सगळी वहीत तशीच राहिली. जमा, वसूल, बाकी, हिशेब, तारीख, दप्तर, शिक्का, सनद, इनाम, अर्ज, फिर्याद, हुकूम, जमीन, महसूल. यातला कोणता शब्द तुम्हाला परका वाटतो? आडनावेसुद्धा पाहा: फडणीस, सबनीस, पोतनीस, आणि फार्सी पत्रव्यवहार पाहणारा तो पारसनीस. यांतला 'नीस' म्हणजे फार्सी 'नवीस', लिहिणारा.

सनांचेही तेच. त्या जुन्या कागदावर 'सन खमस अर्बैन तिसा मया' असे काही लिहिलेले असले की आपण बिचकतो. हा शुहूर सन. खमस म्हणजे पाच, अर्बैन म्हणजे चाळीस, तिसा मया म्हणजे नऊशे, मिळून 945. त्यात 599 मिळवा, 1544 निघते. पण हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. सूर्य मृग नक्षत्रात शिरला, शेतकऱ्याने पेरणीची तयारी केली, की शुहूर सन बदलतो. म्हणून याला मृगसाल म्हणतात. म्हणून जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला 600 मिळवावे लागतात. आकडे अरबी, वर्ष मात्र आपल्या शेतीचे! हिजरी वर्ष चंद्राचे, ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. त्यावर शेतसारा बसवला तर कधी पीक उभे असतानाच वसुलीचा तगादा येईल. म्हणून ही तडजोड, आणि ती इब्राहीमच्याही दोनशे वर्षे आधीची, 1344 पासूनची.

आता हुकूम काढला म्हणून इब्राहीमला शांतता मिळाली का? मुळीच नाही. काढून टाकलेल्या परदेशी शिपायांपैकी पुष्कळसे विजयनगरच्या रामरायाकडे गेले. त्याने त्यांना आनंदाने ठेवून घेतले. त्यांना आपल्याला मुजरा करताना संकोच वाटू नये म्हणून सिंहासनासमोर कुराण ठेवण्याची सोय केली, असे फिरिश्ता सांगतो. उत्तरेकडून अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा सोलापूरसाठी चालून आला. असदखान लारी हा शिया आणि परदेशी. पण इतका वजनदार, की त्याला काढता येईना आणि त्याच्यावर भरवसाही ठेवता येईना. तो 1549 मध्ये बेळगावला मरेपर्यंत इब्राहीमला त्याचा धाक आणि आधार दोन्ही वाटत राहिले.

सर्वांत मोठा काटा होता अब्दुल्ला. फिरिश्ता त्याला इब्राहीमचा भाऊ म्हणतो. पोर्तुगीज कागदांत तो 'मेआले' या नावाने येतो आणि तिथे नाते वेगळे सांगितले आहे. नाते कोणतेही असो, तो आदिलशाही रक्ताचा होता आणि गोव्यात होता. पोर्तुगिजांना आयता मोहरा मिळाला. इब्राहीमने त्यांच्याशी सौदा केला: अब्दुल्लाला दूर पाठवा, त्याबद्दल बारदेश आणि सासष्टी हे दोन महाल घ्या. सन 1543. पोर्तुगिजांनी महाल घेतले, आणि अब्दुल्लाला मात्र हाताशीच ठेवले. पुढे 1555 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने त्याला विजापूरचा राजा म्हणून पुढे केले आणि फोंड्याच्या दिशेने फौज पाठवली. त्याच सुमारास सैफ ऐन-उल-मुल्क हा सरदार उलटला. इब्राहीमची अशी त्रेधा उडाली, की ज्या विजयनगरने त्याचे काढलेले शिपाई ठेवले होते त्याच विजयनगरकडे मदत मागावी लागली. रामरायाचा भाऊ वेंकटाद्री फौज घेऊन आला, तेव्हा ते बंड मोडले.

गादी वाचली, पण बारदेश आणि सासष्टी गेली ती गेलीच. तिथली देवळे, तिथली माणसे, तिथली भाषा यांचे पुढे जे झाले ते आपण जाणतो. हे दोन महाल 1961 पर्यंत, म्हणजे 418 वर्षे, पोर्तुगिजांकडे राहिले. एका घरातले भांडण निस्तरण्यासाठी दिलेली ती किंमत होती, आणि ती ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारले नव्हते.

संशयाचा रोग वाढतच गेला. एका कटाचा सुगावा लागताच दोन महिन्यांत शंभरावर माणसे मारली, हिंदूही आणि मुसलमानही. मग पाळी आली मुलांची. एकदा इब्राहीम म्हणाला, बापाचा पंथ सोडून मी खऱ्या मार्गावर आलो ही देवाची कृपा. थोरला मुलगा अली जवळच होता. तो चटकन म्हणाला, बापाचा पंथ सोडणे जर चांगले असेल, तर सगळ्याच मुलांनी तसे करायला हवे! बापाने ओळखले, की मुलगा आजोबांच्या वाटेवर आहे. अलीच्या शिक्षकाचा जीव गेला. नवा शिक्षक नेमला, तर तोही आतून शियाच! अलीला मिरजेच्या किल्ल्यात ठेवले. मग धाकट्या तहमास्पला वारस करावे असा विचार केला, तर तो थोरल्याहून कडवा निघाला. त्याला बेळगावला कोंडले.

इब्राहीम आजारी पडला. गुण येईना म्हणून त्याने हकिमांनाच मारायला सुरुवात केली. उरलेले पळून गेले. इकडे हुकेरी, बेळगाव, रायबागचा वसूल ज्याच्या हाती होता तो किश्वरखान पैसा घेऊन मिरजेला अलीकडे गेला. बघा, पुन्हा वसुलाचीच थैली! पैसा आला, सरदार जमले. 1558 च्या सुमारास इब्राहीम वारला, गोगीला बाप-आजोबांशेजारी पुरला गेला, आणि अली मिरजेहून जाऊन विजापूरच्या गादीवर बसला. त्याने पहिल्याच झटक्यात शिया खुतबा पुन्हा सुरू केला आणि परदेशी सरदारांना बोलावून घेतले.

म्हणजे इब्राहीमने चोवीस वर्षे जे जे टिकवण्यासाठी माणसे मारली, ते त्याच्या मुलाने काही दिवसांत मोडले. अलीला मूल नव्हते. 1580 मध्ये तो मारला गेल्यावर गादीवर आला तो बेळगावला कोंडलेल्या तहमास्पचा नऊ वर्षांचा मुलगा. त्याला चांदबिबीने सांभाळले. तोच दुसरा इब्राहीम. आणि याच दुसऱ्या इब्राहीमच्या पदरी राहून फिरिश्त्याने आपला इतिहास लिहिला. फिरिश्ता स्वतः इराणातून आलेला. पहिल्या इब्राहीमने त्याच्यासारख्यांनाच हाकलले होते. तेव्हा त्याच्या लेखणीतला इब्राहीम थोडा जास्त काळा उतरला असेल, हे वाचताना ध्यानात ठेवावे. मात्र मराठी हिशेबांची गोष्ट त्याने कौतुकाने लिहिलेली नाही, म्हणूनच ती विश्वासाची वाटते.

खुतबा बदलला, टोप्या बदलल्या, सरदार बदलले. पण एकदा कचेरीत शिरलेला मराठी कारकून पुरता बाहेर गेला नाही. दरबारात फार्सीचा मान पुन्हा वाढला तरी महालाचा हिशेब त्याच्याशिवाय चालेना. तीन-चार पिढ्या हे लोक राज्य कसे चालते ते आतून शिकत राहिले. शहाजीराजे याच आदिलशाहीच्या चाकरीत होते. शिवाजी महाराजांनी स्वराज्य उभारले तेव्हा गडावर तलवार जितकी लागली तितकाच जमाखर्च लिहिणारा लागला, आणि तो तयार होता. त्याच्या बोलीत फार्सी इतकी मुरली होती, की महाराजांनी रघुनाथपंतांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून त्या शब्दांना संस्कृत पर्याय शोधवले. त्यांपैकी काही रुजले, पुष्कळसे रुजले नाहीत. जिभेवर बसलेला शब्द हुकुमाने उठत नाही.

तेव्हा या सुलतानाला काय म्हणावे? मराठीचा कैवारी म्हणणे खोटे ठरेल. केवळ जुलमी म्हणून सोडून द्यावे, तर त्याने उघडलेले दार आपण नाकारल्यासारखे होईल. मला वाटते, त्याला घाबरलेला माणूस म्हणावे. घाबरून त्याने मुलांना कोंडले, हकिमांना मारले, दोन महाल परक्याला दिले; आणि घाबरूनच त्याने हिशेबाची वही इथल्या माणसाच्या हाती दिली. हेतू एक असतो आणि फळ दुसरेच येते. इतिहास वाचताना हेतूचे आणि फळाचे खाते वेगळे मांडावे, एवढेच मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

असो. त्या वृद्ध गृहस्थांना मी त्यांच्या कागदातला एकेक शब्द फोडून सांगितला. शेवटी म्हणालो, "बाबा, ह्यातले निम्मे शब्द बाहेरून आलेले आहेत खरे, पण लिहिणारा आपला होता आणि लिहिलंय तेही आपल्याच जमिनीविषयी." त्यांनी कागद पुन्हा तांबड्या फडक्यात बांधला. उठता उठता म्हणाले, "म्हंजे वही आपल्या हातात आली, तवाच जमीनबी आपली ऱ्हायली म्हना की."

मी एवढा वेळ जे सांगत होतो, ते त्यांनी एका वाक्यात उरकले. वाचकहो, तुमच्याही घरात माळ्यावर असे एखादे दप्तर असेल. ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. सनाचे आकडे अडले, तर 599 ची बेरीज विसरू नका.